परसातल्या पक्ष्यांच्या पायांत कडी: वॉशिंग्टनच्या उपनगरांतल्या स्वयंसेवकांसाठी

पक्ष्याच्या पायात कडी घालण्याचं काम पाच मिनिटांत उरकतं. ती कडी, म्हणजे तिच्यावरचा क्रमांक आणि रंग, पुढे वर्षानुवर्षं वाचत राहणं हे मोठं काम, आणि ते ज्याच्या परसात तो पक्षी राहतो त्यालाच जमण्यासारखं आहे. बँडर, म्हणजे कडी घालणारा परवानाधारक, वर्षातून एखादी सकाळ येऊन जातो. तोच कार्डिनल रोज दिसतो तो घरातल्या माणसांना. स्मिथसोनियनच्या मायग्रेटरी बर्ड सेंटरने २००० साली वॉशिंग्टन परिसरात ‘नेबरहूड नेस्टवॉच’ हा उपक्रम सुरू केला तो याच हिशेबाने. त्यासाठी आठ जाती निवडल्या: अमेरिकन रॉबिन, ग्रे कॅटबर्ड, नॉर्दर्न कार्डिनल, नॉर्दर्न मॉकिंगबर्ड, कॅरोलायना चिकडी, कॅरोलायना रेन, हाऊस रेन आणि साँग स्पॅरो. सगळ्या जाती घरांच्या आसपास घरटी करणाऱ्या आणि थोड्या सरावाने कोणालाही ओळखता येणाऱ्या.

मेरिलँड आणि उत्तर व्हर्जिनियाच्या उपनगरांत मराठी घरं पुष्कळ आहेत. अशा घराचं परस उपक्रमात असेल किंवा यायचं असेल, किंवा घरातल्या कोणाला बँडरच्या हाताखाली पक्षी हाताळायला शिकायचं असेल, तर काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकतं, ते इथे दिलं आहे.

आधी परवान्याचं

जागा तुमची असली तरी त्यातला पक्षी तुमचा नाही. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टखाली इथले जवळजवळ सगळे देशी पक्षी, त्यांची अंडी आणि घरटी संरक्षित आहेत. कडी घालायचा परवाना बर्ड बँडिंग लॅबोरेटरी देते. ही प्रयोगशाळा १९२० पासून चालू आहे आणि मेरिलँडमध्येच, लॉरेलजवळ पॅटक्सेंटला आहे. मुख्य परवाना एकाच्या नावे असतो, त्याच्या हाताखालच्यांना सब-परमिट मिळतं. मिस्ट नेट, म्हणजे पक्षी पकडायचं बारीक धाग्यांचं जाळं, वापरायची आणि रंगीत कड्या घालायची परवानगी त्यात वेगळी नोंदवावी लागते. राज्याचा परवाना लागतो का, तेही बँडरने आधी तपासलेलं असायला हवं.

परवाना नसलेल्या स्वयंसेवकाला करण्यासारखं मात्र खूप असतं: जागा हेरणं, खांब उभे करणं, जाळ्यावर लक्ष ठेवणं, नोंदी लिहिणं, आणि पुढे वर्षभर कड्या वाचणं. जाळं विकत आणून स्वतःच लावून पाहायचा मोह कोणाला झाला तर त्याला तिथेच थांबवा. त्यात कायदा तर मोडतोच, पण न शिकलेल्या हाताने सोडवलेल्या पक्ष्याचा पाय किंवा पंख मोडण्याची भीती त्याहून मोठी. पुढे जाऊन स्वतः बँडर व्हायचं असेल तर नॉर्थ अमेरिकन बँडिंग कौन्सिलचं शिक्षणसाहित्य आहे आणि त्यांच्यातर्फे परीक्षाही होते. हंगामभर एखाद्या बँडरबरोबर राबल्याशिवाय मात्र त्या परीक्षेला बसण्यात अर्थ नाही.

जागा कुठली

बँडर मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो. त्याच्या आधीचा आठवडाभर रोज सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान अर्धा तास परसात बसा आणि कागदावर परसाचा ढोबळ नकाशा काढा. कार्डिनलची जोडी कुठल्या झुडपातून कुठे जाते, कॅटबर्ड कुंपणाच्या कुठल्या कोपऱ्यात ओरडतो, रॉबिन गवतावर कुठून उतरतो, ते बाण काढून दाखवा. हा कागद हातात पडला की बँडरचा तासभर वाचतो. तो तास सकाळचा, म्हणजे पक्षी मिळण्याचा असतो.

जाळ्यासाठी हवी ती जागा अशी: एका बाजूला झुडूप, दुसऱ्या बाजूला झुडूप किंवा झाड, मध्ये पाच-सहा पावलांची मोकळी फट. पक्षी ती फट खालून झपकन ओलांडतो, तिथेच जाळं आडवं लावायचं. मागे गडद हिरवळ असावी, म्हणजे काळं जाळं दिसत नाही. पांढऱ्या सायडिंगच्या भिंतीसमोर तेच जाळं स्पष्ट दिसतं आणि पक्षी वरून उडून जातात. निदान दहा वाजेपर्यंत सावली हवी. काचेच्या मोठ्या दारासमोर नको, कारण जाळ्यातून निसटलेला पक्षी घाबरून सरळ काचेवर जातो.

परसात सहा मीटरचं जाळं पुरतं, बारा मीटरचं लावायला बहुतेक ठिकाणी जागाच नसते. जाळं साधारण २.६ मीटर उंच असतं आणि आडव्या दोऱ्यांमुळे त्याचे चार खण पडतात. जाळीचं छिद्र चिकडी, रेन, स्पॅरोसाठी ३० मिलिमीटरचं, रॉबिन-कार्डिनलसाठी ३६ चं. हा फरक क्षुल्लक नाही. ३० च्या जाळ्यावर रॉबिन आपटतो आणि उसळून सुटतो. ३६ च्या जाळ्यात चिकडी डोकं आणि एक पंख पलीकडे घालते, मग तिला सोडवायला दुप्पट वेळ लागतो.

खांब उभे करणं

खांबांसाठी वीजतारांची तीन मीटरची पोकळ नळी चालते. काँक्रीटमध्ये घालतात त्या सळीचा पाऊण मीटरचा तुकडा अर्धा जमिनीत ठोकून नळी त्यावर चढवायची. सळी ठोकण्याआधी स्प्रिंकलरचे पाइप आणि गॅस-केबलच्या खुणा कुठे आहेत ते घरमालकाने सांगायचं. प्रत्येक खांबाला दोन ताण-दोऱ्या जाळ्याच्या विरुद्ध दिशेला, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकवून बांधा. एकच बांधली की खांब अर्ध्या तासात आत झुकतो, दोऱ्या सैल पडतात आणि खालचा खण गवताला टेकतो.

जाळं उघडताना त्याची टोकाची वेटाळी क्रमाने खांबावर चढवायची. सगळ्यात वरचं वेटाळं बहुधा वेगळ्या रंगाचं असतं; ते चुकलं की जाळ्याला पीळ पडतो आणि अख्खं उतरवून पुन्हा लावावं लागतं. आडव्या दोऱ्या ताठ, पण प्रत्येक खणातली जाळी सैल हवी, दहा-पंधरा सेंटिमीटर लोंबणारी. पक्षी अडकतो तो या झोळात. दोऱ्या फार पसरून ताणल्या तर झोळ राहत नाही आणि जाळं भिंतीसारखं होतं. सगळ्यात खालची दोरी जमिनीपासून निदान तीस सेंटिमीटर वर असावी: रॉबिन साधारण ७७ ग्रॅमचा, तो पडला की झोळ खाली येतो, आणि ओल्या गवतात टेकलेला पक्षी भिजून गारठतो. शिवाय मांजराला तेवढंच हवं असतं.

त्या सकाळची तयारी

तुमचं मांजर आदल्या रात्रीपासून घरात. शेजारच्यांनाही आधी सांगून ठेवा, मांजरांसाठी आणि गवत कापायच्या मशीनसाठीही. स्प्रिंकलरचा टायमर बंद. कुत्रा आत. फीडर भरलेला आणि नेहमीच्याच जागी.

कपड्यांना मोठी बटणं नकोत. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र, लोंबते कानातले सगळं काढून ठेवायचं. जाळ्याचा धागा केसाएवढा असतो. तो बांगडीच्या सांध्यात अडकला की सोडवायला वेळ जातो, आणि तेवढ्यात शेजारच्या खणात पक्षी धडपडत असतो. पायांत मोजे वर ओढलेले, पँट मोज्यांत खोचलेली: या भागात हरणांवरच्या गोचिड्यांपासून लाइम रोग होतो आणि कुंपणाच्या कडेला पॉयझन आयव्ही असतेच. हातांना डीट (किडे दूर ठेवणारं औषध) किंवा सनस्क्रीन लावून पक्ष्याला हात लावायचा नाही. सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण वाळू द्या.

पाऊस असेल, अगदी भुरभुर असली तरी, जाळं उघडायचं नाही. पानं सतत हलत असतील इतका वारा असला तरी नाही, कारण जाळं फडफडतं, दिसतं, आणि अडकलेल्या पक्ष्याभोवती आवळतं. जूनच्या अखेरीस वॉशिंग्टनला उकाड्याच्या दिवशी सकाळी दहालाच पारा तिशी ओलांडू शकतो. ऊन जाळ्यावर आलं की काम थांबवा.

पक्षी बोलावण्यासाठी बँडर त्याच जातीच्या नराचं गाणं लहान स्पीकरवर लावतो आणि जाळ्याच्या मध्यावर लाकडी नकली पक्षी ठेवतो. हद्दीत कोणी घुसलं असं समजून खरा नर धावून येतो. वीस मिनिटांत तो आला नाही तर गाणं बंद करून दुसऱ्या जातीकडे वळायचं. तासन्‌तास गाणं लावून ठेवलं तर नर दमतो, पिलांना भरवायचं सोडून भांडत बसतो, आणि शिवाय गाण्याला सरावून पुढच्या वेळी फसत नाही. अंड्यांवर बसलेल्या मादीच्या घरट्याशेजारी गाणं लावू नये.

जाळं उघडं असेपर्यंत एक माणूस त्याच्याकडे पाहत बसलेला हवा. फोन खिशात. मोठ्या केंद्रांवर वीस-तीस मिनिटांनी फेरी मारतात, परसात तेवढं पुरत नाही. इथे ब्लू जे अडकलेल्या लहान पक्ष्याला टोचतो, कूपर्स हॉक झडप घालतो, आणि चिपमंक किंवा खार जाळ्यात घुसली तर पाच मिनिटांत हातभर भोक पाडते.

जाळ्यातून सोडवणं

हे काम बँडरचं किंवा त्याच्या नजरेखालच्या शिकाऊचं. क्रम समजून घेतला तर बाजूला उभं राहूनही मदत होते.

पहिला प्रश्न नेहमी एकच: पक्षी कुठल्या बाजूने आत आला? पोटाकडची बाजू मोकळी दिसते तिथून झोळाचं तोंड उघडायचं. चुकीच्या बाजूने सुरुवात केली की प्रत्येक धागा पक्ष्याभोवती आणखी आवळतो. सहसा आधी पाय सुटे करतात, कारण पक्ष्याने जाळं मुठीत धरलेलं असतं. पाय धरायचा तो गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर, पिसांनी झाकलेल्या मांडीजवळ. खालची उघडी काडी एकटी धरली तर मोडते. मग पंख, मग डोकं. डोक्यावरून धागा काढताना तो मागून पुढे, चोचीकडे सरकवायचा.

चिकडी धागे घट्ट पकडून ठेवते आणि सोडवलेल्या पायाने पुन्हा धरते. तिच्या पंजात गवताची काडी दिली की ती काडी धरून बसते. कार्डिनलची चोच बी फोडायची आहे, तो बोटाला चावला तर रक्त काढतो. त्यालाही चोचीत काडी द्यावी. डाउनी वूडपेकर अडकला तर त्याच्या लांब जिभेला धागा गुंतलाय का ते आधी पाहा. रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड सापडला तर लगेच सोडून द्यायचा, त्याच्या कड्यांसाठी वेगळी परवानगी लागते. एखादा धागा सुटतच नसेल तर कात्री. जाळं पुन्हा शिवता येतं.

पक्षी सुती पिशवीत, एका पिशवीत एकच. पिशवीची शिवण बाहेरच्या बाजूला असावी, आत सुटे धागे असले की नखं अडकतात. पिशव्या सावलीत फांदीला किंवा हुकाला टांगायच्या, खुर्चीवर कधीच ठेवायच्या नाहीत, कारण कोणीतरी त्यावर बसतं. प्रत्येक पक्ष्यानंतर पिशवी धुवायला टाका.

कडी निवडणं आणि बसवणं

ॲल्युमिनियमच्या कडीचे आकार ठरलेले आहेत. चिकडीला शून्य क्रमांकाची, आतला व्यास २.११ मिलिमीटर. कार्डिनल आणि कॅटबर्डला १-ए, ३.१८ मिलिमीटर. रॉबिनला २ क्रमांक, ३.९६ मिलिमीटर. साँग स्पॅरोला बहुधा १-बी. ही यादी पाठ असली तरी प्रत्येक पक्ष्याचा पाय मापकाने मोजायचा, कारण एकाच जातीतही पायाची जाडी कमीजास्त असते. वजनाची काळजी पुष्कळांना वाटते. चिकडीच्या पायातली कडी गुंजेपेक्षा हलकी असते.

बँडरच्या पकडीत पक्ष्याची पाठ तळहातावर असते आणि मान तर्जनी व मधल्या बोटांत. मान दाबायची नाही, बोटं फक्त कुंपणासारखी. छातीवर तर दाब मुळीच नको: पक्षी छाती हलवून श्वास घेतो, घट्ट मुठीत तो गुदमरतो. शिकाऊ लोक पक्षी निसटेल या भीतीने इथेच चुकतात. निसटला तर निसटू द्या.

कडी पक्कडच्या त्या आकाराच्या छिद्रात बसवून पायाभोवती आणायची आणि टोकं भिडेपर्यंत दाबायची. मग पक्कड नव्वद अंशांत फिरवून पुन्हा हलकं दाबायचं, म्हणजे कडी गोल होते. तपासायच्या गोष्टी तीन: कडी पायावर वरखाली सरकते, स्वतःभोवती मोकळी फिरते, आणि टोकांमध्ये फट दिसत नाही. फट राहिली तर तीत धागा किंवा गवत अडकतं. एक टोक दुसऱ्यावर चढलं तर ते त्याहून वाईट, आत गेलेली कड पाय कापते. अशी कडी नखाने किंवा एका बाजूने ओढून उघडायला जाऊ नये. दोन बारीक तारांचे फास कडीत ओवून दोन्हीकडे सारख्या जोराने ओढतात, किंवा उघडणारी वेगळी पक्कड वापरतात. बिघडलेल्या कडीचा क्रमांकही नोंदवहीत लिहावा लागतो. कड्या क्रमाने येतात आणि मधला एकही आकडा गाळून चालत नाही.

मग रंगीत कड्या. ठरलेली पद्धत एक ॲल्युमिनियम आणि दोन रंगीत, म्हणजे एका पायात दोन, दुसऱ्यात एक. सहा रंग असले तरी यातून एका जातीसाठी २१६ वेगळ्या जोडण्या निघतात. लाल आणि केशरी दोन्ही एकाच परसात वापरू नयेत, संध्याकाळच्या उजेडात ते एकच दिसतात. पिवळा आणि पांढरा उन्हाने विटला की तीच गत. प्लास्टिकच्या कडीची टोकं चिकटवली नाहीत तर कार्डिनल ती चोचीने उपटून काढतो.

नोंदी

क्रमांक वाचणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि लिहिणाऱ्याने तो उलट वाचून दाखवायचा. कडीवर आधी तीन किंवा चार अंक, मग पाच अंक असतात. मराठी घरांत एक खास घोटाळा होतो: आजी ‘अठ्ठावीस’ म्हणते आणि इथे वाढलेला नातू आधी ऐकलेला आठ आधी लिहून ८२ करतो. अंक सुटे सुटे सांगा, दोन, आठ. क्रमांकातला एक अंक चुकला तर त्या पक्ष्याचा पुढचा सगळा इतिहास दुसऱ्याच्या नावावर जातो.

वय वाढदिवसाने मोजत नाहीत, कॅलेंडरने मोजतात: १ जानेवारीला सगळे पक्षी एका वर्षाने मोठे होतात. यंदा जन्मलेल्या पिल्लाच्या चोचीचे कोपरे पिवळट आणि सुजल्यासारखे, शेपटीखालची पिसं विरळ, मऊ. कार्डिनलच्या पिल्लाची चोच काळपट, मोठ्याची पोवळ्यासारखी केशरी. रॉबिनच्या पिल्लाच्या छातीवर ठिपके. चिकडीत नर-मादी सारखे दिसतात, तिथे पोटावर फुंकर घालून पाहतात: अंडी उबवणाऱ्या मादीच्या पोटावरची पिसं झडून कातडी उघडी पडते, ओलसर आणि सुरकुतलेली. अशी मादी सापडली तर रांग मोडून तिचं काम आधी करायचं आणि तिला सोडायचं, घरट्यात अंडी गार पडत असतात.

पंखाची लांबी टोकाला आड असलेल्या पट्टीवर, मिलिमीटरमध्ये. वजन शेवटी, ०.१ ग्रॅमपर्यंत. त्यासाठी पक्षी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत किंवा कागदी नळीत डोकं खाली करून ठेवतात, अंधारात तो शांत राहतो. चिकडी साधारण १० ग्रॅम भरते, साँग स्पॅरो २० च्या आसपास, कार्डिनल ४५ च्या. चिकडीचं वजन २१ आलं तर काटा डबीसकट वाचलाय.

पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला, डोळे मिटू लागला किंवा अंग फुगवून सुस्त झाला तर उरलेली मोजमापं सोडून द्या. कडी घातली असेल तर क्रमांक पुरे, नसेल तर तीही नको. सोडताना हवेत उडवायचं नाही. झुडपाशेजारी, जमिनीजवळ, तळहात उघडा ठेवायचा. जाळ्यातून सोडवल्यापासून इथवर पंधरा-वीस मिनिटांच्या वर वेळ जाऊ नये.

रंग वाचणं

बँडर गेला. आता उरलेलं वर्ष तुमचं.

वाचायचा क्रम ठरलेला: पक्ष्याचा डावा पाय वरून खाली, मग उजवा पाय वरून खाली. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा. तो तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर त्याचा डावा पाय तुमच्या उजवीकडे येतो. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, त्यामुळे पाहताना मनात आधी ठरवा, तोंड माझ्याकडे की पाठ. लिहिताना उदाहरणार्थ असं: ‘डावा: निळा, ॲल्युमिनियम, उजवा: लाल’. ॲल्युमिनियमची कडी राखाडी दिसते, पावसाळी सकाळी ती पांढऱ्या रंगीत कडीसारखी वाटते.

पाय दिसतील अशी सोय करावी लागते. फीडरशेजारी बोटभर जाडीची आडवी काठी लावा, पक्षी दाण्यावर जाण्याआधी तिथे टेकतो. पाण्याचं भांडं उथळ, दोन बोटं पाण्याचं, आणि कडा रुंद. गवत फार वाढलं तर रॉबिनचे पाय दिसत नाहीत. दुर्बीण ८x४२ ची पुरते, पण खिडकीची काच पुसलेली हवी. फोनचा कॅमेरा दुर्बिणीला लावून काढलेले दहा फोटो एका अंदाजापेक्षा बरे.

अर्धवट दिसलं तर अर्धवटच लिहा: ‘उजवा लाल, डावा दिसला नाही’. स्मरणाने पुरं करू नका. गेल्या आठवड्यात याच काठीवर निळा-लाल बसला होता म्हणून आजचाही तोच, असं धरून केलेली नोंद फार नुकसान करते, कारण अशा नोंदींत मेलेला पक्षी कागदावर जिवंत राहतो. जगण्याचं प्रमाण काढायचं गणित सगळं याच नोंदींवर चालतं. म्हणूनच ‘शोधला, दिसला नाही’ हीसुद्धा नोंदच आहे; तारीख आणि किती वेळ पाहिलं ते लिहा. बिनकडीचा कार्डिनल दिसला तर तेही.

कॅटबर्ड हिवाळ्यात दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, कॅरिबियन, मध्य अमेरिकेकडे जातो आणि एप्रिलच्या अखेरीस परत येतो, पुष्कळदा त्याच परसात. त्यामुळे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत रोज दहा मिनिटं द्यावीत. कार्डिनल आणि चिकडी इथेच राहतात. त्यांच्यासाठी बर्फ पडलेला दिवस उत्तम, फीडरवर रांग लागते आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाय उठून दिसतात. कडी घातलेला कार्डिनल पंधरा वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे, तेव्हा जुन्या वह्या टाकू नका.

घरट्यांवर नजर

घरटं तीन-चार दिवसांनी एकदा, एका मिनिटात पाहून यावं. उंच घरट्यासाठी काठीला आरसा. भल्या पहाटे, संध्याकाळी आणि पावसात जाऊ नये. एकाच वाटेने जाऊन-येऊन करू नका, घरट्यावरून पुढे निघून जा. रकून वास धरून येतो आणि कावळे तुम्ही कुठे थांबता ते पाहत असतात.

कार्डिनलची पिलं नऊ-अकरा दिवसांत घरटं सोडतात, रॉबिनची तेराव्या दिवसाच्या सुमारास. सोडायच्या तीन दिवस आधीपासून जवळ जाणं बंद करा, घाबरून उडी मारलेलं पिल्लू पुन्हा घरट्यात ठरत नाही. चिकडीसाठी पेटी लावायची असेल तर तोंडाचं भोक सव्वा इंचाचं नको, एक इंच आणि एक अष्टमांश, म्हणजे २.८६ सेंटिमीटर ठेवा. हाऊस स्पॅरो आत शिरू शकत नाही. घरट्यात एखादं वेगळं, ठिपक्यांचं अंडं दिसलं तर ते ब्राउन-हेडेड काउबर्डचं असू शकतं. आपल्या कोकिळेसारखाच तो दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालतो. राग येतो, पण काउबर्डही देशी आणि संरक्षित आहे; अंडं काढायचं नाही, नोंद करायची.

या नोंदींतून काय निघालं

डेझिरे नारांगो, डग्लस टॅलमी आणि पीटर मारा यांनी याच वॉशिंग्टन परिसरातल्या परसांमध्ये कॅरोलायना चिकडीचा अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. परसातल्या झाडोऱ्यात देशी झाडांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या खाली गेला की चिकडीची संख्या टिकत नाही. कारण अन्नाचं आहे. चिकडी पिलांना सुरवंट भरवते, आणि बाहेरून आणलेल्या शोभेच्या झाडांवर सुरवंट फारसे होत नाहीत. ओक, चेरी, विलो या देशी झाडांवर ते भरपूर होतात. म्हणून कड्या वाचणाऱ्या घराने पुढचं झाड लावताना नर्सरीत क्रेप मर्टल किंवा गिंगको उचलण्याआधी देशी ओकची चौकशी करावी, आणि सुरवंटांवर फवारणी करू नये.

मेलेला पक्षी सापडला तर

कडी असलेला पक्षी मेलेला दिसला तर हातमोजे घालून कडीचा फोटो काढा, सगळे अंक दिसतील असे दोन-तीन. बर्ड बँडिंग लॅबोरेटरीच्या रिपोर्टबँड या संकेतस्थळावर क्रमांक, तारीख, ठिकाण आणि मृत्यूचं कारण कळत असेल तर तेही भरा: काच, मांजर, गाडी. पक्षी कुठे आणि कधी पकडला होता ते तुम्हाला कळवतात. जिवंत पक्ष्याच्या पायातली कडी कधीही काढू नका.

हे सगळं वाचून पुण्या-ठाण्यातल्या बाल्कनीत किंवा नाशिकच्या बंगल्याच्या आवारात जाळं लावावंसं वाटलं तर ते करू नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय वन्यपक्षी पकडता येत नाही. तिथे रिंगिंगचं, म्हणजे पक्ष्यांना कड्या घालण्याचं, मोठं काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केलं आहे. सलीम अलींच्या पुढाकाराने ते १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने वाढलं. बिहारच्या मीरशिकार समाजातले अली हुसेन यांच्यासारखे पक्षी पकडण्यात निष्णात लोक त्यासाठी सोसायटीबरोबर राहिले. उरणच्या खाडीवर, जायकवाडीला किंवा भिगवणला एखाद्या किनारपक्ष्याच्या वा बदकाच्या पायात कडी, रंगीत पट्टी किंवा लहान झेंडी दिसली तर पक्ष्यामागे धावू नका. झेंडीचा रंग, त्यावरची अक्षरं, कुठल्या पायात आणि सांध्याच्या वर की खाली, एवढं लिहून घ्या आणि फोटोसह सोसायटीला कळवा. झेंड्यांचे रंग ज्या देशात पक्षी पकडला त्याप्रमाणे ठरलेले असतात, त्यामुळे अक्षरं वाचता आली नाहीत तरी रंग आणि क्रम नक्की लिहा.